बरी आणि बरीच

गळ्यात टेप नसलेली टेपताई फक्त लग्नाच्या फोटोत पाहायला मिळते, असं तिचा नवरा सांगायचा. तो फारसा बोलणारा माणूस नसल्यामुळे लोकांचा त्यावर चटकन विश्वास बसायचा. बाजारात जा, बँकेच्या रांगेत जा, शेजारणीकडे साखर मागायला जा, बाईंच्या दोन्ही खांद्यांवरून पिवळी टेप लोंबतेय आणि नजर समोरच्याच्या दंडावर. तोंडाकडे ती नंतर बघायची. एकदा बँकेतल्या साहेबांना तिने सही करता करता सांगून टाकलं होतं की तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, शिंपी बदला.

टेपताई शिवायची ते कपडे हौसेने कुणी घालत नाही. भाजलेल्या माणसाची जखम भरत आली की वर येणारी कातडी जाड होते, आखडते, बोटं आत ओढून घेते, मान एका बाजूला खेचून धरते. त्या कातडीला सतत दाबून ठेवलं तरच ती मऊ आणि सपाट राहते. म्हणून अंगाला आवळून बसणारे, ताणणाऱ्या कापडाचे हातमोजे, बाह्या, बंड्या शिवाव्या लागतात, आणि आंघोळीपुरते काढून ते माणसाने महिनोन् महिने अंगावर वागवायचे असतात. सैल झाले तर फुकट गेले. फार घट्ट झाले तर बोट निळं पडतं. शिवण आत राहिली तर कोवळी कातडी सोलून निघते, म्हणून सगळ्या शिवणी बाहेरून. हे सगळं करायला हात लागतो आणि त्याहून जास्त चिकाटी लागते. टेपताईकडे चिकाटी इतकी होती की घरचे त्रासलेले असायचे.

मोघम बोलणं तिला अजिबात खपायचं नाही. कुणी म्हटलं, ‘जरा इकडे घ्या,’ की हिचा प्रश्न तयार: “जरा म्हणजे किती? सूतभर की बोटभर?” भाजीवाला, सोनार, डॉक्टर, कुणाचीही यातून सुटका नव्हती. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि दुसऱ्याच्या नाकावर बसलेली माशी सांगितल्याशिवाय राहायचं नाही, असा एकूण कारभार.

ती जिथे काम करायची ती जागा एका अमेरिकन बाईंनी सुरू केली होती. गोदामाच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली, खिडकीशी तीन मशिनं, मधे कापायचं मोठं टेबल आणि भिंतीला टांगलेले कागदी नमुने: हाताचे, पायाचे, मानेचे. अमेरिकन माणसं उठता-बसता कौतुक करतात असं ऐकून असाल तर या बाई त्याला अपवाद होत्या. उंच, हाडकुळ्या, मोजकं बोलणाऱ्या. टेपताईने शिवलेला कपडा त्या उजेडात धरायच्या, उलटा करायच्या, पुन्हा सुलटा करायच्या, आणि काही न बोलता घडी घालून पेशंटच्या पिशवीत ठेवायच्या. घडी घातली म्हणजे पास. इतक्या वर्षांत टेपताईला त्यांच्याकडून शाबासकीचं एक अक्षर मिळालं नव्हतं, आणि तिने ते मागितलंही नव्हतं.

इंग्रजी मात्र तिला त्या बाईंनीच शिकवलं, कामापुरतं. पँट्स म्हणजे घोट्यापर्यंतची विजार. व्हेस्ट म्हणजे पुढून उघडणारं बिनबाह्यांचं जाकीट. हे तिने पक्कं घोकून ठेवलं. मग एकदा एक इंग्रज डॉक्टर काही दिवसांसाठी पाहुणे म्हणून आले. पाठ-पोट भाजलेल्या एका माणसाला त्यांनी सांगितलं व्हेस्ट, आणि कंबरेखाली थोडं भाजलं होतं तिथे पँट्स. टेपताईने पुढून चेन असलेलं झकास जाकीट आणि घोट्यापर्यंतची विजार शिवून हजर केली. डॉक्टर बघतच राहिले. त्यांना हवं होतं डोक्यातून घालायचं बनियन आणि मांडीपर्यंतची चड्डी! बिचारा पेशंट विजारीकडे बघून म्हणाला, “ताई, पाय तर माझे धडधाकट आहेत.”

त्याच डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी भर खोलीत, सगळ्यांदेखत, अमेरिकन बाईंना विचारलं, “तुमच्याकडे रबर आहे का?” नमुन्यावरची पेन्सिलची रेघ पुसायची होती त्यांना, दुसरं काही नाही. पण बाईंचे कान लालबुंद. टेपताईने खणातून खोडरबर काढून दिलं, डॉक्टरांनी रेघ पुसली, आभार मानले आणि गेले. मग बाईंनी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की अमेरिकेत रबर औषधाच्या दुकानात मिळतं आणि ते पुरुष मंडळी खिशात लपवून घरी नेतात. टेपताई हसून हसून मशीनवर आडवी झाली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिला एकही सरळ शिवण घालता आली नाही.

एकाच घरातल्या दोन भावांनी वाटण्या कराव्यात आणि भांडी तीच ठेवून त्यांची नावं बदलावीत, तसलाच हा प्रकार आहे, असं तिने ठरवून टाकलं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. घोळ झालाच तर वस्तूकडे बोट दाखवायचं, ‘हे की ते?’ विचारायचं, संपलं. बोट दाखवता येत नाही असेही शब्द असतात, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

पुढे बाईंच्या थोरल्या भावाने अंथरूण धरलं आणि त्यांनी मायदेशी परत जायचं ठरवलं. संस्था गुंडाळायची वेळ आली. नेमका त्याच सुमाराला शहरातल्या मोठ्या इस्पितळात भाजलेल्यांचा नवा वॉर्ड उघडत होता, आणि तिथल्या मेट्रनबाईंना असे कपडे शिवणारं माणूस हवं होतं. मेट्रनबाई इंग्रज. या गावात इतकी वर्षं काढलेली की इथली भाषा त्या अगदी स्वच्छ बोलायच्या, पुस्तकातल्यासारखी. अमेरिकन बाई म्हणाल्या, मी फोन करते. टेपताई निश्चिंत झाली.

निश्चिंत झाली म्हणजे वरवर. आतून तिला धाकधूक होती. तिच्या हातात जी विद्या होती ती दुसरीकडे कुठे चालणारी नव्हती. ही नोकरी मिळाली नाही तर पडद्यांच्या कडा आणि उशांचे अभ्रे शिवत बसायचं, आणि आखडलेली बोटं रस्त्यात दिसली की मान फिरवून पुढे जायचं. ते तिला जमणार नव्हतं. तिला ती नोकरी हवी होती, आणि हवी होती म्हणजे हवीच होती.

बातमी आणली नणंदेने. ती त्या इस्पितळात वॉर्डच्या कचेरीत कामाला. दारात चप्पल काढतानाच तिचा चेहरा पडलेला.

“वहिनी, चहा नको ठेवूस. आधी बस.”

“काय झालं वन्सं? कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही गं. तुझ्या बाईंचा फोन आला होता मेट्रनबाईंना. मला मेट्रनबाईंनी मुद्दाम बोलावून सांगितलं. म्हणाल्या, तुमच्या वहिनींबद्दल मी चौकशी केली. त्या बाई म्हणाल्या,” नणंदेने दुसरी चप्पल काढून ठेवली, “म्हणाल्या, बरी आहे.”

“बरी?”

“बरी. आणि पुढे मेट्रनबाई म्हणाल्या, भाजलेल्या माणसाच्या अंगावर बरं काम चालत नाही, मला उत्तम हवं. आम्ही कपडे परदेशातून मागवणार आहोत.”

आता ‘बरी’ या शब्दात शिवीसारखं काय आहे? हवा बरी असते, हॉटेलातली खोली बरी असते. पण नवी सून बरी आहे असं कुणी म्हटलं की शेजारीण पुढचं वाक्य ऐकायला खुर्ची पुढे ओढते. आणि जन्म मशीनवर घालवलेल्या बाईला ‘बरी’ म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. टेपताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो कोपऱ्यात एका मनगटी घड्याळाच्या पोटात बघत होता. तिथूनच म्हणाला, “बरी म्हणजे वाईट नाही ना?”

“तुम्ही गप्प बसा!”

“मी तुझ्या भाजीला बरी म्हणतो तेव्हा दोनदा वाढून घेतो.”

“तुमचं वेगळं आहे. तुमच्याकडे मुळात शब्दच दोन. एक ‘बरं’ आणि दुसरा ‘हं’.”

“हं,” नवरा म्हणाला आणि परत घड्याळात शिरला.

नणंद समजूत घालायला लागली. जाऊ दे, आपल्या हातात काय आहे, पडदे शिवणं काही कमीपणाचं नाही. टेपताई ऐकत होती असं नाही. तिला एकच दिसत होतं: उजेडात धरलेला कपडा, उलटा, सुलटा, आणि मग घडी. म्हणजे ती घडी पास झाल्याची नव्हतीच की काय? इतकी वर्षं बाई नुसतं चालवून घेत होत्या? तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. “उद्या जाते आणि विचारते,” ती म्हणाली. “सरळ तोंडावर विचारते.”

“अगं, पण विचारून काय होणार?”

“मला कळेल. एवढं झालं तरी पुष्कळ.”

सकाळी ती गोदामाचा जिना धाडधाड चढून वर गेली. भिंतीवरचे नमुने उतरवून झाले होते आणि बाई खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या. टेपताईने गळ्यातली टेप काढली आणि कापायच्या टेबलावर ठेवली. बाईंचा हात थांबला. माप घ्यायचं नसताना टेप गळ्यातून उतरलेली त्यांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

“बाई, मी बरी आहे?”

“काय?” बाईंची इथली भाषा कायम लंगडीच राहिली होती. “तू आजारी?”

“आजारी नाही! तुम्ही मेट्रनबाईंना फोनवर सांगितलंत. मी बरी. माझं काम बरं. मग इतकी वर्षं कशाला ठेवलंत मला? पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, मी दुसरं काही पाहिलं असतं!”

बाईंनी चिकटपट्टी खोक्यावर ठेवली. मग सावकाश म्हणाल्या, “मी बरी नाही सांगितला. मी सांगितला, क्वाइट गुड.”

“तेच ते.”

“तेच नाही! क्वाइट गुड म्हणजे...” बाई शब्द शोधायला लागल्या. त्यांनी हात छातीपासून हळूहळू वर नेला, डोक्याच्याही वर. “एवढा. बरी नाही. बरी... बरी...”

“बरीच?”

“हां! बरीच! बरीच चांगली. फार चांगली. मी कोणाला असं सांगत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला नाही सांगितला.”

 टेपताईला आधी वाटलं की बाई आता सारवासारव करतायत. पण बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललं होतं. त्या एका खोक्यावर मटकन बसल्या आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“ओ नो,” त्या म्हणाल्या. “केक.”

मग इंग्रजीत आणि लंगड्या भाषेत मिळून त्यांनी जे सांगितलं ते असं. तरुणपणी त्या काही महिने इंग्लंडमध्ये राहिल्या होत्या. घरमालकिणीने त्यांच्यासाठी खास केक केला. बाईंनी खाल्ला, मनापासून आवडला, म्हणून मनापासून सांगितलं, क्वाइट गुड. त्या घरात त्यांना पुन्हा कधी केक मिळाला नाही. घरमालकीण पार अबोल झाली. आपलं काय चुकलं हे बाईंना तेव्हा कळलंच नव्हतं. ते आज, या खोक्यावर बसून कळत होतं. अमेरिकेत हा शब्द चांगल्याला वर चढवतो. इंग्लंडमध्ये तोच शब्द चांगल्याचा हात धरून त्याला दोन पायऱ्या खाली आणतो. ऐकायला जसाच्या तसा, उंची मात्र निम्मी! मेट्रनबाईंनी तो त्यांच्या मापाने घेतला आणि इथल्या भाषेत अगदी बरोबर शब्द लावला: बरी.

टेपताईला हसावं की रडावं ते कळेना. ‘च’ एवढं एक अक्षर, आणि त्यापायी तिची नोकरी गेली होती. पण त्याहूनही एक गोष्ट तिच्या आत हळूच उतरत होती: बाई म्हणाल्या होत्या, सख्ख्या बहिणीलाही नाही. तिने तोंड फिरवून नाक पुसलं.

बाई तोवर उठून फोनकडे निघाल्या होत्या. “मी आता सांगतो तिला. एक्सलंट सांगतो. बेस्ट सांगतो.”

“नको!”

“का नको?”

“काल क्वाइट आणि आज एकदम बेस्ट? त्या म्हणतील, ही रडत आली म्हणून बाईंना दया आली. आणि शब्दाने गेलेलं शब्दानेच आणायला गेलो तर उद्या तिसराच शब्द आडवा येईल. मला ते नको. बोट दाखवता येईल असं काहीतरी त्यांच्यासमोर ठेवायचंय मला.” तिने टेप उचलून गळ्यात घातली. “फोन करणार नाही असं कबूल करा. आणि ते मधलं मशीन एवढ्यात खोक्यात घालू नका.”

बाईंनी कबूल केलं, आणि न विचारता एक खोकं फोडून त्यातलं कापड बाहेर काढून ठेवलं.

इस्पितळातल्या कचेरीत मेट्रनबाई तिच्याशी इतक्या गोड बोलल्या की दुसरं कुणी तेवढ्यावर समाधान मानून घरी गेलं असतं. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, ताठ बसणाऱ्या. “आपण आलात, आनंद वाटला. मी आपलं नाव अवश्य लक्षात ठेवीन,” त्या म्हणाल्या आणि दारापर्यंत सोडायला आल्या. बाहेर नणंदेने तिचा दंड धरला.

“झालं, चल. त्या ‘लक्षात ठेवीन’ म्हणाल्या ना, की समजायचं, नाही.”

“लक्षात ठेवायला मी काय फोन नंबर आहे? मी बसते इथे.” आणि ती बाकावर बसली.

बाकावर एक माणूस आधीपासून होता. त्याचं सलून होतं. पाणी तापवायचं भांडं उलटून त्याचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजला होता. जखम भरत आली होती आणि कपडा परदेशातून यायची तो वाट बघत होता. त्याने टेपताईच्या डोक्याकडे निरखून पाहिलं.

“ताई, एक विचारू? तुमचे केस कुणी कापले? म्हणजे तुमचं त्याच्याशी काही भांडण होतं का?”

“मीच कापले. तुमचा हात बघू.”

त्याने हात पुढे केला. टेपताईने त्याची बोटं एकेक करून वाकवली. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली कातडी आताच ताठरली होती. करंगळी आत वळायला लागली होती. हे थांबणारं काम नव्हतं. परदेशातला कपडा येईपर्यंत या हाताची मूठ मिटणं बंद झालं असतं.

मेट्रनबाई बाहेर आल्या तेव्हा टेपताई उठून उभी राहिली. “बाई, याचं नुसतं माप घेऊ का?”

मेट्रनबाईंनी तिच्याकडे पाहिलं, सलूनवाल्याकडे पाहिलं. “घ्यायला हरकत नसावी,” त्या म्हणाल्या. त्यांच्यामागून नणंद जोरजोराने मान हलवत होती, की याचा अर्थ घेऊ नका असा होतो. टेपताईने तिकडे साफ दुर्लक्ष केलं. ‘हरकत नसावी’ म्हणजे हरकत नाही. त्यांनी तसं म्हटलं होतं ना? मग झालं तर.

तिने मनगटाचं माप घेतलं, तळव्याचं घेतलं, प्रत्येक बोटाचं बुडाशी, मधे आणि टोकाशी घेतलं. मग गोदामाच्या खोलीत, खोक्यांच्या गराड्यात, तिने तो हातमोजा कापला आणि शिवला. बाईंनी फक्त मशीनजवळचा दिवा जरा जवळ सरकवला.

दुसऱ्या दिवशी मोजा घेऊन ती सलूनवाल्याच्या दुकानात गेली. दुकान बंदच होतं. आतल्या खुर्चीत तो एकटा, गिऱ्हाईकासारखा आरशासमोर बसलेला. तिने मोजा चढवला आणि चार मिनिटांत त्याच्या बोटांची टोकं निळसर दिसायला लागली.

“ताई, मुंग्या आल्या.”

तिने घाईघाईने मोजा उतरवला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. मनगटाशी घट्ट. कसं घट्ट? मापाप्रमाणेच तर कापलं होतं! मग आठवलं की त्या बाकावर बसून तिने माप घेतलं तेव्हा तिच्या डोक्यात मेट्रनबाईंचं गोड बोलणं घुमत होतं, आणि रागाच्या भरात टेप आवळली गेली होती. चूक तिचीच, दुसऱ्या कुणाची नाही. म्हणजे मेट्रनबाईंनी आज बघितलं असतं तर ‘बरी’ हा शब्दसुद्धा जास्तच झाला असता.

सलूनवाला म्हणाला, “राहू द्या हो. येईल तो बाहेरचा.”

“गप्प बसा आणि हात पुढे करा,” टेपताई म्हणाली. या वेळी तिने आधी स्वतःचा श्वास शांत होऊ दिला. टेप कातडीवर नुसती टेकवली, ओढली नाही.

तो मोजा तिने उसवून पुन्हा शिवला नाही, सरळ टाकून दिला. नवीन कापला. अंगठ्याच्या बेचक्यात कापडाचा वेगळा तुकडा बसवायचा असतो. तो सुरकुतला की सगळं वाया. तो तिने दोनदा बसवून दोनदा काढला. तिसऱ्यांदा तो तळहाताच्या घडीत असा बसला की बोटाने चाचपल्याशिवाय जोड कळेना. बाईंनी मोजा उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला. मग घडी घातली. टेपताईने ती घडी पाहिली आणि मोजा पिशवीत ठेवला.

इस्पितळात सलूनवाला मोजा घालूनच आला, आणि खिशात कात्री घेऊन आला. मेट्रनबाईंनी त्याला खिडकीपाशी बसवलं. आपलं काम त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नखं दाबून रंग परत येतो का ते पाहिलं, मनगटाशी कडेखाली बोट सरकवून पाहिलं, शिवणी मोजाव्यात तशी एकेक शिवण निरखली. करंगळीशी थांबल्या.

“इथे शिवण अर्धं सूत तिरकी आहे.”

“आहे,” टेपताई म्हणाली. “पुढच्या मोज्यात नसेल.”

सलूनवाल्याने कात्री बोटांत अडकवली आणि हवेत कच, कच, कच करून दाखवलं. अवघडत, पण दाखवलं. नणंद दारात उभी होती. मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, “नॉट बॅड.” मग त्यांच्या त्या स्वच्छ भाषेत, “वाईट नाही.”

टेपताईचं डोकं भणभणलं. इतकं करून वाईट नाही! आठवड्यापूर्वीची टेपताई असती तर मोजा काढून घेऊन, दार आपटून निघून गेली असती, आणि अभ्रे शिवत म्हातारी झाली असती. आजची टेपताई जागची हलली नाही. तिने दोन्ही हातांनी टेपेची टोकं घट्ट धरली.

“बाई, माफ करा. तुमचं ‘वाईट नाही’ किती उंचीचं आहे ते मला माहीत नाही. अमेरिकन बाईंचं ‘क्वाइट’ तुम्हाला माहीत नव्हतं, तसंच. मला शब्द नको. मी उद्यापासून येऊ की नको, एवढंच सांगा.”

“त्यांचं ‘क्वाइट’?” मेट्रनबाईंनी भुवया वर केल्या. मग क्षणभराने त्यांना उलगडलं असावं, कारण त्या चटकन खाली बसल्या. “अरे देवा. त्या अमेरिकन आहेत.” आणि मग, पहिल्यांदाच पुस्तकी नसलेल्या भाषेत, “उद्या कशाला? आजच थांबा. मी बाहेरची ऑर्डर रद्द करते. आणि ‘वाईट नाही’ मी माझ्या गुरूंनासुद्धा एकदाच म्हटलंय.”

नणंदेने दारातूनच टाळ्या वाजवल्या आणि मेट्रनबाईंनी बघितल्यावर हात पाठीमागे लपवले.

सलूनवाला मात्र हसला नाही. इतके दिवस जो माणूस दर वाक्याला गंमत करत होता, तो आपल्या मोज्यातल्या हाताकडे बघत बसला होता. कात्री मांडीवर पडली होती. त्याने मान वर न करता विचारलं, “ताई, हा हात बरा होईल ना?”

मेट्रनबाई हळुवारपणे म्हणाल्या, “आपण आशा करू या.”

“मला आशा नको,” तो म्हणाला. “ताईंना विचारतोय.”

टेपताई त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. त्याचा हात तिने आपल्या गुडघ्यावर घेतला आणि करंगळी दोन बोटांत धरून वाकवून पाहिली, जिथवर वाकत होती तिथवर.

“करंगळी पूर्ण मिटणार नाही,” ती म्हणाली. “ते मी आत्ताच सांगते, नंतर माझ्यावर रुसू नका. बाकीची मिटतील. दुखेल, कंटाळा येईल, हा मोजा फेकून द्यावासा वाटेल. पण मिटतील. मिटवून घेईन मी.”